गाडी माझ्या नावावर, मीटर सासऱ्यांच्या

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त ३ जानेवारीला मावळातल्या महिला गटांचा मेळावा लोणावळ्यात झाला. त्यात एका निवृत्त आरोग्यसेविकेने केलेलं हे भाषण. शब्दांकन करताना बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. तिच्या इच्छेनुसार नाव दिलेलं नाही. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो,

मला 'स्त्रिया आणि मालमत्ता' ह्या विषयावर बोलायला सांगितलंय. कायदा समजावून सांगायला माझ्यानंतर वकीलताई आहेतच. मी माझ्या गाडीबद्दल बोलणार आहे. म्हणजे जी अजून आलेलीच नाही, त्या गाडीबद्दल. हसा, हसा. माझ्या घरीही सगळे हसतातच.

दसऱ्याला मी विजेवर चालणारी चारचाकी बुक केली. दिवाळीला मिळेल म्हणाले. दिवाळी गेली. मग नाताळ म्हणाले. आता संक्रांत होऊ द्या म्हणतायत. गाडीचं नाव सांगत नाही. मी जाहिरात करायला उभी नाही आणि नावं ठेवायलाही नाही. लहान गाडी आहे, चार दारांची. तिच्यात दोन तऱ्हेच्या बॅटऱ्या मिळतात, एक लहान, एक मोठी. मी मोठी निवडली. किंमत दहा लाखांच्या आसपास. हे पैसे माझ्या निवृत्तीचे आहेत. चौतीस वर्षं मी ह्या तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून फिरले. सुरुवातीला पायी, मग एस.टी.ने, मग लूनावर, मग स्कूटरवर. लसीचा डबा मांडीवर घेऊन अंदर मावळातल्या वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्या. पंचावन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, तेव्हा शिकवणारा पोरगा मला 'आजी' म्हणाला. क्लच सोडताना गाडी चारदा बंद पाडली, पण लायसन मिळवलं.

तर गाडी बुक केली, आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. चुकीची तर नाही ना निवडली?

पुतण्या म्हणाला, "आत्या, ही कसली घेतलीस? खाली घासेल. आपल्याकडचे रस्ते बघ. उंच गाडी घ्यायची." मुलगा म्हणाला, "आई, एवढी घाई का केलीस? वर्षभर थांब, पाचशे किलोमीटर जाणारी स्वस्त होईल." आमचे हे म्हणाले, "लोणावळ्याचा पाऊस, त्यात विजेची गाडी? शॉक बसेल. सीएनजी घे." शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "ह्या वयात कशाला? लेकीच्या नावावर एफडी करायची." शोरूममधला मुलगा म्हणाला, "मॅडम, एकदा सरांना घेऊन या, म्हणजे फायनल करू." मी म्हटलं, "सर कोण?" त्याला खरंच कळलं नाही मी काय विचारतेय ते.

मैत्रिणींनो, १९७४ साली पुण्याच्या टेल्कोची नोकरीची जाहिरात आली होती. तिच्यात लिहिलं होतं की स्त्रियांनी अर्ज करू नयेत. सुधा कुलकर्णी नावाच्या इंजिनीअर मुलीने, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, थेट जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि तिला तिथे नोकरी मिळाली. आज त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात मोटारी जोडणारी एक अख्खी लाइन बायका चालवतात. म्हणजे गाडी जोडणारे हात बाईचे चालतात. ती विकत घ्यायची म्हटलं की मात्र सर लागतात!

पण मी तुम्हांला खरं सांगते. लोकांचं बोलणं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायची मला सवय आहे. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेला पुरुष तयार करायचं काम मी केलंय, त्याहून जास्त टोमणे कुठे मिळणार? ह्या वेळी मात्र ते बोलणं बाहेर राहिलं नाही. ते माझ्या आत शिरलं. रात्री दोनला उठून मी मोबाइलवर गाड्या बघायला लागले. उंच गाडी बघितली की वाटायचं, पुतण्याचं खरं आहे. स्वस्त बघितली की वाटायचं, एवढे पैसे स्वतःवर उधळतेय, मी कोण लागून गेले? दोन दारांची अगदी इवलीशी एक गाडी होती, तिच्यावर मन बसलं. कारण काय, तर ती स्वस्त आणि कुणाच्या डोळ्यांवर न येणारी. डोळ्यांवर येऊ नये, जागा कमी व्यापावी, हे किती खोल मुरलंय बघा. गाडी निवडतानाही मी अंग चोरून उभी होते.

मग मी वही काढली. आपल्या शिबिरात आपण बायकांना दिवसभराच्या कामाची नोंद करायला लावतो ना, तसंच केलं. मागच्या तीन महिन्यांत मी कुठे कुठे गेले ते लिहून काढलं. लोणावळ्याहून वडगावला कोर्टात आणि पंचायत समितीत: जाऊन-येऊन पन्नास-पंचावन्न किलोमीटर. कामशेतला बैठकीला: तीस-पस्तीस. पुण्याला लेकीकडे: एकशे तीस. ह्याहून लांब मी एका दिवसात कधीच गेले नव्हते. आता बॅटरीचा हिशेब. माझी बॅटरी चोवीस युनिटची. युनिट म्हणजे तेच, जे आपल्या वीजबिलावर असतं. कंपनी जो आकडा सांगते तो ठरावीक चाचणीतला असतो. रस्त्यावर त्याच्या दोन-तृतीयांश धरून चालावं. एका युनिटला सात किलोमीटर धरले, तरी एकशे अडुसष्ट होतात. पावसाळ्यात काचेवरचं धुकं घालवायला एसी लागतो, दिवे लागतात, त्याचे थोडे वजा करा. तरी पुणे होतं. पाचशे किलोमीटरचं मी काय लोणचं घालू?

घाटाचीही भीती होती. खोपोलीकडून चढताना वीज जास्त खाते, हे खरं. पण उतरताना पाय उचलला की तीच मोटर उलट काम करते, जनित्र बनते आणि थोडी वीज बॅटरीत परत भरते. म्हणून घाट उतरायचा असेल तर बॅटरी काठोकाठ भरून निघू नये. भरलेल्या हंड्यात पाणी कुठे मावणार? हे मला कुणा सरांनी सांगितलं नाही. मी स्वतः वाचलं आणि दुसऱ्या एका गाडीवाल्या बाईला विचारून खात्री केली.

हिशेब जुळला. आता प्रश्न आला चार्जिंगचा. आणि इथे आपल्या आजच्या विषयाचं खरं तोंड उघडलं.

घरी साध्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवर ही गाडी रात्रभरात, आठ-नऊ तासांत भरते. पण त्याला स्वतंत्र लाइन हवी, चांगलं अर्थिंग हवं आणि मीटरचा मंजूर भार वाढवून घ्यायला हवा. वायरमन म्हणाला, "ताई, बिल दाखवा." मी बिल दिलं. तो म्हणाला, "हे नाव कुणाचं?" माझ्या सासऱ्यांचं. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षं त्या घरातला प्रत्येक दिवा माझ्या पगारातून जळाला. बिल भरायला रांगेत मी उभी राहिले. बिलावर नाव मात्र गेलेल्या माणसाचं. घरपट्टीची पावती काढली. तीही त्यांच्याच नावावर होती. गाडी लावायची ती अंगणातली जागा वाटणीत कुणाकडे येते ते अजून ठरायचंय, कारण दोघे दीर आहेत. म्हणजे गाडी माझ्या नावावर, मीटर सासऱ्यांच्या नावावर, जागा भावाभावांत, आणि मी त्या घरात सदतीस वर्षं राहतेय!

आपण 'घर दोघांचं' म्हणून गावोगाव फिरलो आहोत. ग्रामपंचायतीच्या आठ-अच्या उताऱ्यावर बायकोचं नाव लावा म्हणून सरपंचांच्या मागे लागलो आहोत. १९८९-९०च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि पुरुषांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली, ते आपल्यातल्या वयस्क मैत्रिणींना आठवत असेल. हे सगळं मी इतरांच्या घरात जाऊन सांगितलं. स्वतःचं वीजबिल मात्र कधी उलटून बघितलं नाही. गाडीने मला ते बघायला लावलं.

आणि वीज म्हणजे तरी कुणाची, सांगा? मावळाला वीज काही नवी नाही. आपल्या लोणावळ्याच्या, वळवणच्या, शिरवत्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली सोडून टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. अंदर मावळात ठोकरवाडीचं धरण झालं, त्यावर भिवपुरीचं वीजघर १९२२ साली चालू झालं. वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना. शेजारच्या मुळशी खोऱ्यात १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. बायकाही त्यात उतरल्या. तरी धरण झालं, गावं पाण्याखाली गेली. १९३०च्या १ जूनला डेक्कन क्वीन धावू लागली, तीही विजेवर. म्हणजे विजेची गाडी आपल्या दारावरून पंचाण्णव वर्षं जातेय. माझ्या माहेरी, पवन मावळात, विजेचा दिवा आला तेव्हा मी सातवीत होते. पाण्याचंही तेच. पवना धरणाचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ला एक्स्प्रेसवेवर बऊरजवळ आंदोलन झालं, गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. त्यांतली एक बाई होती. वीज इथली, पाणी इथलं, जमीन इथली. ती कुठे जाणार हे ठरवणारे मात्र दुसरेच.

आणि घरात? घरातही तेच की. राबणारी ती, ठरवणारा दुसराच.

आता जमिनीचं सांगते, म्हणजे गाडीचं पुढचं कळेल. माझे वडील १९९८ साली गेले. पुढच्याच वर्षी दादा मला आणि बहिणीला घेऊन तालुक्याच्या गावी गेला. हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. मी शिकलेली, सरकारी नोकरीतली, पण कागद वाचला नाही. आई म्हणाली होती, "सही करून टाक गं, माहेर तुटायला नको." सही झाल्यावर आम्ही मिसळ खाल्ली, दादाने साडी घेतली. त्याच काळात एक्स्प्रेसवेचं काम जोरात होतं. २००२ साली तो पुरा झाला आणि आमच्या खोऱ्यातल्या जमिनीचे भाव आभाळाला भिडले. मुंबईच्या लोकांचे बंगले, फार्महाउसं झाली. दादानेही तुकड्यातुकड्याने विकली. पहिल्या पैशांत मोठी गाडी आली. मग दुसरी आली. पहिली आज गोठ्यामागे ताडपत्रीखाली गंजत पडलीय, तिच्यात कोंबड्या अंडी घालतात.

१९९४ साली महाराष्ट्राने कायद्यात बदल करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क दिला. पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. माझं लग्न १९८८चं. २००५ साली केंद्राच्या कायद्याने ती अट गेली. ११ ऑगस्ट २०२०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २००५ साली वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क आहेच. पण २० डिसेंबर २००४च्या आधी झालेले व्यवहार, वाटण्या ह्यांना हा कायदा हात लावत नाही. आणि मी तर माझ्या हाताने सोडून दिलं होतं. तपशील वकीलताई सांगतील. मी एवढंच सांगते, की माझ्या त्या एका सहीतून दादाच्या अंगणात गाडी आली. ती घेताना दादाने कुणाला विचारलं नाही, आणि ती गंजत पडल्यावरही कुणी म्हणालं नाही की ह्याला गाडी निवडता येत नाही.

नोव्हेंबरातली एक रात्र. साडेदहाला फोन आला. अंदर मावळातली एक मुलगी, कडेवर दहा महिन्यांचं लेकरू, नवऱ्याने मारून बाहेर काढलेलं, कामशेतला रस्त्यावर येऊन उभी होती. पोलिसांना कळवलं. पण ते पोचेपर्यंत तिच्याजवळ आपलं कुणीतरी असायला हवं होतं. मी पुतण्याला फोन केला. त्याचं घर तिथून जवळ आणि दारात गाडी. तो वाईट मुलगा नाही, मी त्याला खेळवलंय. तो म्हणाला, "आत्या, गाडी काय, तुझीच आहे गं. पण नवरा-बायकोच्या भांडणात आपली गाडी नको. गावात दिसते."

ज्याची गाडी, त्याची वाट! लग्नाला, जत्रेला, रुग्णालयात न्यायला तो देईल, हसत देईल. पण गाडी कुठे जाईल आणि कुठे जाणार नाही, हे तोच ठरवणार. मी स्कूटर काढली. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, म्हणजे आपल्यातल्या बहुतेक बायका जे वाहन चालवतात त्याला तो रस्ताच नाही. जुन्या रस्त्याने गेले. थंडीने हात वाकत नव्हते. ती एका बंद टपरीच्या फळीवर बसली होती. लेकराला पदरात घट्ट गुंडाळलं होतं. पोलीस आल्यावर तिला कान्ह्याच्या रुग्णालयात नेलं, मी मागे मागे स्कूटरवर. पहाटे तिचा जबाब झाला तेव्हा ती मला म्हणाली, "ताई, तुमच्याकडे गाडी असती तर बाळाला वारा लागला नसता." तिने सहज म्हटलं, तक्रार म्हणून नाही.

त्या दिवसापर्यंत मी वहीत किलोमीटर लिहीत होते. त्या दिवशी लिहिलं, मागच्या सीटवर कोण बसणार. दिवस भरलेली बाई बसणार. लेकरू घेतलेली बसणार. हात प्लॅस्टरमध्ये असलेली बसणार. दोन दारांच्या गाडीत पुढची सीट वाकवून तिला मागे कशी बसवू? माझा पहिला निर्णय बरोबर होता. पण तो का बरोबर होता, हे मला तेव्हा सांगता येत नव्हतं, म्हणून जो येईल तो मला हलवून जात होता.

एवढं कळूनही, मैत्रिणींनो, डिसेंबरात मी बुकिंग रद्द करायला गेले. हो, गेले! घरात रोज खटके. मीटरवरचं नाव बदलायचं तर सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची संमती. दीर म्हणाले, "आज मीटर, उद्या घर." त्यांना वाटलं, गाडीच्या आडून मी वाटणी मागतेय. मी थकले. म्हटलं, नको ती गाडी. शोरूमवाल्याने एक कागद पुढे सरकवला, रद्द करायचा अर्ज. म्हणाला, "मॅडम, इथे सही करा." मी म्हटलं, "आणि सरांची?" तो म्हणाला, "नाही, बुकिंग तुमच्या नावावर आहे. तुमचीच लागते."

ह्या वेळी कागद मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. वाचता वाचता मला १९९९ सालचा तो दिवस आठवला. तेव्हाही सगळे म्हणत होते, करून टाक सही, भांडण नको. शांतता हवी असली की आपणच काहीतरी सोडायचं, हा धडा मी एकदा गिरवला होता. पेन खाली ठेवला आणि बसने घरी आले.

म्हणजे आता मला शंका नाही, असं नव्हे. कालही वाटलं, पुढच्या वर्षी चांगली येईल. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचलं की काय करायचं? बॅटरी पाण्यापासून बंदिस्त असते, पण साचलेल्या पाण्यात गाडी घालू नये, हे पेट्रोलच्या गाडीलाही लागूच आहे. वीज गेली तर? लोणावळ्यात पावसात ती जातेच. मग आदल्या रात्री भरून ठेवायची. वीजबिल वाढेल. वापर वाढला की युनिटचा दर चढतो, ते मी धरलंय. आणि ही गाडी म्हणजे पुण्यकर्म, असंही मी मानत नाही. महाराष्ट्रातली बरीचशी वीज कोळशावर होते. चंद्रपूर, कोराडीची राख तिथल्या बायकांच्या घरांवर पडते. बॅटरीतलं लिथियम, कोबाल्ट दूरदेशीच्या खाणींतून येतं, तिथेही गरिबांचेच हात आहेत. आपली पहिली मागणी एस.टी.ची आहे आणि तीच राहील. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, चांगलं झालं. पण खांडीला रात्री अकराला एस.टी. जात नाही, आणि मारहाण काही वेळापत्रक बघून होत नाही.

चुकीची निघाली गाडी तर? निघू दे. आपण हक्कांच्या इतक्या याद्या केल्या, त्यांत एक लिहायचा राहिला: चुकण्याचा हक्क. पुरुषाची चूक ही चूक असते. बाईची चूक हा पुरावा असतो, की बघा, हिला कळत नाही. म्हणून आपण निर्णयच घेत नाही, किंवा घेतलेला दहादा उकरून बघतो. माझी दोन वाजताची जाग गाडीमुळे नव्हती. एकोणसाठ वर्षांत पहिल्यांदा एवढा मोठा निर्णय एकटीने घेतला होता आणि त्याची सवय नव्हती. १९९१-९२ साली तामिळनाडूत पुदुकोट्टै जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. त्याही पडल्या असतील, गुडघे फुटले असतील. पडल्याशिवाय सायकल येते का?

आता कामाचं बोलते. आपल्या सरकारने २०२४ मध्ये बायकांसाठी पिंक ई-रिक्षा योजना काढली. तिच्यात सत्तर टक्के बँकेचं कर्ज, वीस टक्के सरकारचे, दहा टक्के बाईचे. आपल्याही गटातल्या मुली विचारायला येतात. त्यांना फक्त अर्ज भरून देऊ नका. विचारा: रिक्षा तुझ्या नावावर, पण चार्जिंग कुणाच्या मीटरवर? लावणार कुणाच्या जागेत? चालवणार तू, की कागदावर तू आणि सीटवर भाऊ? हप्ता कोण भरणार आणि कमाई कुणाच्या खात्यात? उत्तरं आधी ठरू द्या.

मीटरचं माझं काम अजून झालेलं नाही. आमच्या ह्यांनी मात्र संमतीच्या कागदावर सही केली, परवाच. सीएनजीचं अजून म्हणतात, पण सही केली. थोरल्या दिरांनीही केली. धाकटे राहिलेत. त्यांच्या बायकोशी, माझ्या जाऊबाईंशी मी बोलले. मी म्हटलं, "घरपट्टीवर तुझंही नाव लावू या." त्या गप्प बसल्या, मग हळूच म्हणाल्या, "लागतं होय असं?" तेव्हा मला वाटलं, गाडी आली नाही तरी एवढं काम झालं.

तुम्हां सगळ्यांना एकच गृहपाठ देते. आज घरी गेल्यावर विजेचं बिल काढा. त्यावर नाव कुणाचं ते वाचा. मग घरपट्टीची पावती, आठ-अ, सातबारा. कुणी हक्कसोडपत्रावर सही मागत असेल तर तो कागद सही करण्याआधी गटात आणा, आपण मिळून वाचू. पुढच्या बैठकीला हे सगळे कागद घेऊन या.

बैठक कामशेतला आहे. गाडी आली असली तर लोणावळ्याहून येणाऱ्या चौघींना मी घेऊन येईन. नाही आली, तर आपली लोकल आहेच.